हृदयाचा पेपर

११ जानेवारी

प्रिय धाकटे,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर ऐक. या घरात फोनवर बोलायचं म्हणजे सभेत भाषण करायचं. तुझा दादा वाचत असलेला पेपर खाली करतो, आप्पा टीव्हीचा आवाज बारीक करतात, आणि ज्या दोन माणसांबद्दल मला तुझ्याकडे रडायचं असतं, तीच दोन माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून हे ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव.

बातमी अशी की या वयात मी परीक्षेला बसतेय. माझं काम तुला ठाऊक आहेच. दवाखान्यांतून डॉक्टरांचे रिपोर्ट येतात, ते वाचायचे, कुठला आजार आणि कुठला उपचार हे ओळखून त्याचे ठरलेले कोड लावायचे, मग ते विमा कंपनीकडे जातात. इतकी वर्षं मी सरसकट सगळे रिपोर्ट करत आले. मोडलेले हात, मूतखडे, मोतीबिंदू. आता आमच्या ऑफिसला हृदयाचं मोठं काम मिळालंय आणि त्यांची अट अशी की हृदयाच्या कोडिंगचं वेगळं सर्टिफिकेट असेल त्यांनीच त्याला हात लावायचा. आमची टीम लीड, जी माझ्या लग्नाच्या वेळी पाटी-पेन्सिल घेऊन बसली असेल, मला गोड हसून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काय अवघड? एवढा अनुभव आहे." मी विचारलं, "आणि ज्यांच्याकडे सर्टिफिकेट नसेल त्यांचं काय?" तर ती हसायची थांबली. म्हटलं, कळलं.

परीक्षा पुस्तकं उघडी ठेवून द्यायची असते. हे ऐकल्यावर तुझा दादा म्हणाला, "मग अभ्यास कसला करायचा त्यात?" बाई गं! ती पुस्तकं उशीएवढी जाड आहेत. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधण्यासारखं आहे ते. घरात मीठ आहे हे नक्की, पण डबा कुठला? आणि डबा सापडेपर्यंत घड्याळ पळत असतं.

त्यात ते हृदय. एक रक्तवाहिनी, तिच्या फांद्या, फांद्यांना फांद्या. फांदीत स्टेंट घातला तर कधी वेगळा कोड, कधी मूळ वाहिनीतच धरायचा. मी जेवणाच्या टेबलावर बसून हे पाठ करत असते आणि समोर आप्पा मटार सोलत विचारतात, "अजून तेच पान?"

तू चित्रकलेची बाई आहेस. मला हृदयाचं एक मोठ्ठं चित्र काढून दे. पुस्तकातलं हृदय सोललेल्या बटाट्यासारखं दिसतं, त्यात कुठून काय निघतं ते समजत नाही.

तुझी,
वैतागलेली वहिनी


२० जानेवारी

प्रिय वहिनी,

चित्र वेगळं गुंडाळी करून पाठवलंय. निळं म्हणजे अशुद्ध रक्त, लाल म्हणजे शुद्ध. फांद्या जरा जाड काढल्यात, म्हणजे तुला चष्म्याशिवायही दिसतील. रागावू नकोस.

तू परीक्षा देतेयस हे वाचून मी शिक्षकांच्या खोलीत एकटीच हसले. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांच्या पोटात दुखतं. तुझं दुखायला लागलं का?

एक सांगू? टेबलावर अभ्यास करू नकोस. मागच्या खोलीत जा आणि दार लाव. तुझ्या स्वभावाला ते जमत नाही हे माहीत आहे. तुला अभ्यासही करायचा असतो आणि भाजी कोणी करपवली हेही बघायचं असतं.

आणि आप्पांवर फार चिडत जाऊ नकोस गं. आई गेल्यापासून घरात नेमकं कुठे उभं राहायचं हेच त्यांना उमगत नाही. म्हणून ते जिथे माणूस असेल तिथे जाऊन उभे राहतात.

माझं ठीक आहे. चित्रकलेची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर हलवलीय. हल्ली मी मुलांनाच वर पिटाळते आणि सामान खाली आणवते. बाईंचा आळस वाढलाय असं ती आपसांत म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

तुझी,
धाकटी


२९ जानेवारी

प्रिय धाकटे,

चित्र आलं. मागच्या खोलीच्या भिंतीवर लावलंय. तुझा दादा त्याच्यासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "एवढ्या फांद्या असतात होय? मग एखादी तुंबली तर काय बिघडतं?" या माणसाशी मी संसार केला.

चित्र देखणं आहे, पण एक चूक केलीस. हृदयातून मोठी वाहिनी निघते ना, महाधमनी, तिच्या तोंडाशी झडप असते, तिला तीन पाकळ्या असतात. तू दोनच काढल्यास, आणि त्याही चांगल्या जाडजूड. मी पेन्सिलीने तिसरी घातलीय. परीक्षेत मी दोन लिहून आले असते म्हणजे!

तुझं ऐकून मागच्या खोलीत बसायला लागले, पण त्या दाराला कडी नाही. तुटलीय केव्हाची. तुझ्या दादाला रोज सांगते. "रविवारी बघतो." कुठल्या रविवारी ते सांगत नाही.

मधेच त्याला उत्साह आला होता. म्हणाला, मी प्रश्न वाचतो, तू उत्तरं दे. तो प्रश्न असा वाचतो की त्यातच उत्तर येतं. पर्याय वाचताना बरोबर पर्यायाशी आवाज चढवतो. मी म्हटलं, "अरे, तू आवाजानं सांगतोयस." तर म्हणतो, "मग चांगलंच आहे की!"

बारा फेब्रुवारीला परीक्षा. घरूनच द्यायची, कॉम्प्युटरवर. कॅमेरा लावायचा, पलीकडून एक माणूस सारखा बघत बसणार. खोलीत दुसरं कोणी दिसलं, कोणाचा आवाज आला की संपलं. फोनसुद्धा खोलीबाहेर. चार तास या घरात माझ्या खोलीत कोणी येणार नाही, असं एकदा तरी झालंय का? तूच आठवून सांग.

वहिनी


१३ फेब्रुवारी

धाकटे,

आज कोणाला प्रिय लिहायची इच्छा नाही. तुझ्यावर राग नाही, पण तूही त्याच घरातली.

परीक्षा बुडाली. नापास झाले असते तर निदान माझ्या नावावर काही तरी लागलं असतं. बुडाली.

सगळं नीट जमवलं होतं गं. तुझ्या दादाला कामावर पिटाळलं. आप्पांना हात जोडून सांगितलं, "आप्पा, चार तास. घराला आग लागली तरी आत येऊ नका." आप्पा म्हणाले, "बरं, मग बाहेरूनच विझवतो." दोघं हसलो. मी आत गेले. कॅमेरा फिरवून त्या माणसाला खोली दाखवली, टेबलाखाली दाखवलं, तुझं चित्र भिंतीवरून काढून ठेवलं. पेपर सुरू झाला. आणि काय सांगू, चांगला चालला होता! पानं पटापट सापडत होती. निम्म्याच्या पुढे आले होते आणि मनात म्हटलंही, जमतंय की.

तेवढ्यात दार उघडलं. आप्पा. बनियनवर, हातात त्यांचा फोन, तोंड उघडं. "अगं..." एवढंच म्हणाले.

मी ओरडले. असं मी त्यांच्यावर कधीच ओरडले नव्हते. "आप्पा, बाहेर व्हा!" ते तिथेच. "बाहेर व्हा म्हणते ना!" मग गेले. दार ओढून घेऊन गेले.

मी त्या पलीकडच्या माणसाला पुष्कळ विनवलं. म्हातारे आहेत, चुकून आले, काही बोलले नाहीत, हवं तर खोली परत दाखवते. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, नियम आहे." आणि पडदा काळा झाला. माझं मलाच त्यात तोंड दिसलं.

बराच वेळ तशीच बसले. मग बाहेर आले. आप्पा खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर. मी विचारलं, "का आलात?" म्हणाले, "चष्मा शोधत होतो."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाहीये. ताट वाढते, औषध पुढे ठेवते, तोंड उघडत नाही. तुझा दादा म्हणतो, "जाऊ दे, परत देशील." परत देता येते, पण एकदाच, एप्रिलमध्ये. त्यात गेली तर हृदयाचं काम गेलं, आणि बाकीचं काम दुसऱ्या शाखेत हलवताहेत, म्हणजे मीही गेले.

तू तरी पत्र लिही. तुझं उत्तर यायला एवढा उशीर कधी होत नाही.

वहिनी


४ मार्च

प्रिय वहिनी,

उशीर झाला, माफ कर. शाळेत परीक्षांचं काम होतं, त्यात उजव्या हाताच्या पाठीवर सूज आलीय, कशानं कोण जाणे. म्हणून अक्षर असं वाकडं.

तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. तुझ्या पेपरचं वाचून मला कसं झालं ते लिहिता येत नाही. पण वहिनी, आप्पांशी बोल. माझ्यासाठी बोल. म्हातारा माणूस, घाबरला असेल कशानं तरी. प्रत्येक गोष्टीचं कारण माणसाला सांगता येतंच असं नाही. ते तुझ्या वाईटावर कधी असतील का?

एप्रिलचा पेपर तू नक्की काढशील. निम्म्यापर्यंत चांगला चालला होता म्हणालीस, म्हणजे तयारी आहेच.

आणि तू पुस्तक घेऊन बसलीच आहेस म्हणून विचारते. ती झडप बदलतात ना, महाधमनीची, त्याबद्दल तुझ्या पुस्तकात काय आहे? छाती उघडूनच करावं लागतं की पायातून नळी घालूनही होतं? आणि छाती उघडली तर माणूस साधारण किती दिवसांनी जिना चढतो? वर्गात एका मुलीनं विचारलं, मला सांगता आलं नाही.

धाकटी


१० मार्च

प्रिय धाकटे,

तुझ्या वर्गातली मुलं फारच हुशार झालीत. आमच्या वेळी आम्ही बाईंना विचारायचो, रंग संपला, दुसरा आणू का?

तर त्या मुलीला सांग, दोन्ही होतं. पायातून नळी घालून नवी झडप बसवली तर त्याचा कोड वेगळा, छाती उघडून बदलली तर वेगळा. कोणाला कुठलं करायचं ते डॉक्टर ठरवतात. वय, झडपेचा आकार, बरंच काही बघतात. जिना कधी चढतो याला कोड नाही. कोडिंगवाल्याला माणूस जिना चढला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. आमच्याकडे माणूस कागदावर येतो आणि कागदावरच जातो.

आप्पांचं तू सांगितलंस म्हणून मी काल "चहा घेणार का" एवढं विचारलं. त्यांना इतका आनंद झाला की मलाच कसंसं झालं आणि त्याचा परत राग आला.

पण त्यांचं काही खरं नाही. पेपर बुडाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून निघाले. म्हणे मित्राकडे राहायला. दोन दिवसांनी आले. आप्पांना असा कोण मित्र आहे ज्याच्याकडे ते राहतील? मी बोलत नाही म्हणून रुसून गेले होते, दुसरं काय. आणि हल्ली फोन वाजला की जिन्यात जाऊन कुजबुजतात. परवा मी दार उघडलं तर गप्पकन फोन खिशात. तुझ्याशीच बोलत असतात ना? माझ्या चहाड्या करत असतील तर खुशाल करू देत. तू मात्र दोन्हीकडून ऐकून घेतेस आणि मला काही सांगत नाहीस.

अभ्यास परत पहिल्यापासून. जन्मजात दोषांचा धडा मागच्या वेळी वरवर केला होता, तो आता घेतलाय.

वहिनी


१७ मार्च

धाकटे,

तू माणूस आहेस का कोण आहेस?

सकाळी तो जन्मजात दोषांचा धडा काढला. त्यात एक ओळ आली. काही लोकांच्या महाधमनीची झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची असते. तरुणपणी काही जाणवत नाही, पुढे ती जाड होते, अरुंद होते, दम लागतो, चक्कर येऊन माणूस पडतो. मी पुढच्या ओळीवर गेले, आणि परत मागे आले.

भिंतीवर तुझं चित्र होतं. त्यात मीच शहाणपणा करून पेन्सिलीने घातलेली तिसरी पाकळी.

पाकळ्या मोजायला तू चुकशील? तू? फुलाला एक पाकळी कमी काढली म्हणून मुलांकडून अख्खं पान परत काढून घेणारी बाई तू. मग एकेक आठवायला लागलं. मुलांना वर पिटाळतेस. हाताच्या पाठीवर सूज, सलाइनच्या सुईची. जिना किती दिवसांनी चढतो. मी काय मूर्ख आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्यांचे कागद वाचते आणि माझ्या घरातलं दुखणं मला पत्रातून येतंय ते दिसत नाही!

तशीच उठले. आप्पा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"आप्पा, धाकटीला काय झालंय?"

"कुठे काय? बरी आहे की."

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही चष्मा शोधत नव्हतात."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "तिनं शपथ घातलीय मला."

"घालू दे. मी मोडायला सांगतेय."

"शाळेतून फोन आला होता," ते म्हणाले. "जिन्यात पडली, दवाखान्यात नेतोय म्हणाले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तुलाच सांगायला आत आलो होतो." आणि मग एवढंच म्हणाले, "तू म्हणालीस बाहेर व्हा. मी बाहेर झालो."

धाकटे, त्यानंतर मी काय केलं ते लिहिता येत नाही. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. तेच मला म्हणायला लागले, "ऊठ, साडी भिजतेय."

मी त्या काळ्या पडद्यासमोर बसले होते तेवढ्यात तू म्हणे दवाखान्यातून स्वतःच फोन केलास त्यांना. मी शुद्धीवर आहे, वहिनीचा पेपर चालू आहे, तिला सांगू नका, दादाला सांगू नका, माझी शपथ. आणि त्या माणसानं ती पाळली. महिनाभर माझं तोंड फिरवणं गिळलं. तो मित्र म्हणजे तू होतीस. पिशवी भरून तुझ्या उशाशी बसायला आले होते, आणि परत येऊन माझ्या अबोल्यासमोर बसले.

तुम्हा बापलेकींना वाटतं काय? माझा पेपर एवढा मोठा, आणि मी एवढी लहान? सगळं खरं लिही. मुलीनं विचारलं, हात सुजला, असलं काही नको. डॉक्टर काय म्हणाले, कधी करायचंय, तुझ्यासोबत कोण आहे.

उत्तर ताबडतोब. नाहीतर फोन करीन, आणि सगळ्यांसमोर करीन.

वहिनी


२१ मार्च

प्रिय वहिनी,

खरं लिहिते.

डिसेंबरात शाळेच्या तपासणीत डॉक्टरांना छातीत आवाज ऐकू आला. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर मला माझी झडप दाखवली. उघडझाप करणारी, दोन पाकळ्यांची. मला ती इतकी डोळ्यांसमोर बसली की तुझं चित्र काढताना हात तिथेच गेला. तू चूक दाखवलीस तेव्हा कळलं की मी तुझं नाही, माझंच हृदय पाठवलंय.

सात एप्रिलला ऑपरेशन. छाती उघडून. माझ्या वयाला तेच बरं म्हणतात. शाळेतली एक शिक्षिका कागदांवर सही करायला येणार आहे.

का नाही सांगितलं? वहिनी, तू मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःबद्दल काही सांगत होतीस. एरवी तुझी पत्रं, तुझे फोन म्हणजे दादाचा खोकला, आप्पांचं पथ्य. या वेळी त्यात तू होतीस. मी मधे आले असते तर तू पुस्तक मिटलं असतंस, मला ओळखून आहे मी. आणि आता बघ, न सांगताही मधे आलेच. तुझा पेपर माझ्यामुळे गेला हे तेरा फेब्रुवारीच्या पत्रात वाचलं तेव्हा छातीपेक्षा ते जास्त दुखलं. आप्पांना म्हटलं, आता सांगून टाका, पण ते म्हणाले, तिचा दुसरा पेपर होऊ दे.

तुझी परीक्षा नऊ तारखेला आहे असं आप्पांकडून कळलं. येऊ नकोस. पेपर दे, मग ये. मी कुठे जात नाही.

धाकटी


२५ मार्च

धाकटे,

"मी कुठे जात नाही" असली वाक्यं ऑपरेशनच्या आधी माणसानं लिहू नयेत. कळत कसं नाही?

सही करायला शिक्षिका येणार म्हणे! तिला हात जोडून सांग की सही करायला तुझी माणसं जिवंत आहेत.

आम्ही तिघं चार तारखेला येतोय. तुझ्या घराची किल्ली शेजारी ठेव. परीक्षा मी तुझ्या घरून देईन. इंटरनेट तिथेही आहे, टेबल तिथेही आहे, आणि तू दवाखान्यात असल्यामुळे दार उघडून आत यायला कोणी नाही.

तुझ्या दादाला रात्री जेवताना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. ताट सारलं, उठला, स्क्रू-ड्रायव्हर शोधला आणि मागच्या खोलीच्या दाराला कडी बसवत बसला. आता तिचा उपयोग काय, असं मी विचारलं नाही. बराच वेळ बसवत होता.

वहिनी


१० एप्रिल
(सिस्टर, ही चिठ्ठी कृपया त्यांना वाचून दाखवा. हलू देऊ नका.)

धाकटे,

एका वेळी एकालाच आत सोडतात, आणि आजची पाळी मी आप्पांना दिलीय. ते आत येऊन नुसतेच उभे राहतील. राहू दे. तुझा दादा बाहेर बाकावर बसून सगळ्या आल्यागेल्यांना तुझं ऑपरेशन समजावून सांगतो. सगळं चुकीचं सांगतो.

काल पेपर दिला. तुझ्या घरात इतकी शांतता आहे की पहिला अर्धा तास मला काही सुचेना. कुकरची शिट्टी नाही, टीव्ही नाही, "अजून तेच पान" नाही. सारखी दाराकडे बघत होते. शेवटी पलीकडच्या बाईनं टोकलं, "मॅडम, समोर बघा." मग चिडले, आणि चिडल्यावर डोकं चालायला लागलं.

मधे एक प्रश्न आला. रुग्ण स्त्री, झडप दोन पाकळ्यांची, अरुंद झालेली, छाती उघडून बदलली. कोड मला पान न उघडता येत होता. पण बोटं चालेनात. इतकी वर्षं असले रिपोर्ट वाचतेय, काल पहिल्यांदा वाटलं, शुद्धीवर आल्यावर ती कोणाला बघून काय म्हणाली हेही लिहायला हवं होतं यात. नाक पुसलं आणि उत्तर लिहिलं. त्या बाईला वाटलं असेल सर्दी झालीय.

निकाल यायला काही दिवस लागतील. तू डोळे उघडून आप्पांना "जेवलात का" विचारलंस, तो निकाल मला परवाच सिस्टरकडून कळला.

वहिनी


२६ मे

प्रिय वहिनी,

तुझ्याच घरातल्या मागच्या खोलीतून तुला पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. या घरात बोलायची सोय नाही हे तूच मला सांगितलंस. आणि आता मला त्याची खात्री पटलीय. मी कूस बदलली तरी दादा दारात येतो, "दम लागतोय का?" नाही म्हटलं तर म्हणतो, "लपवू नकोस." आप्पा माझी पाण्याची बाटली भरून आणतात, ती भरलेली असताना.

तू काठावर का होईना पास झालीस त्याला महिना झाला, पण आप्पा अजून दूधवाल्याला सांगताहेत, "आमच्या सूनबाई हृदयाच्या तज्ज्ञ आहेत." काल त्याने त्यांना स्वतःच्या छातीत कुठे दुखतं ते दाखवलं. तू ऑफिसातून लवकर ये आणि हे थांबव.

डॉक्टर म्हणाले आता स्वतःच्या घरी राहू शकता. मी सगळ्यांना सांगितलं, रविवारी जाते. तू "बरं" म्हणालीस.

वहिनी, मला जायचं नाही. तिथे रात्री उताणी पडले की त्या नव्या झडपेचा टकटक आवाज ऐकू येणार आणि तो ऐकायला मी एकटीच असणार. इथे दादा घोरतो, काही ऐकू येत नाही. शाळा जूनअखेर सुरू होते. तोवर राहू का? मी आजवर कोणाकडे काही मागितलं नाही, त्यामुळे कसं मागतात ते नीट येत नाही. जमत नसेल तर स्पष्ट सांग. वाईट वाटून घेणार नाही.

धाकटी


२६ मे, संध्याकाळ

धाकटे,

ऑफिसातून दमून आले, चपला काढायच्या आत तू हातात कागद दिलास आणि आत जाऊन दार लावून बसलीस. बेचाळीस वर्षांची बाई!

"बरं" म्हणाले ते तुला जायचंय असं वाटलं म्हणून. तुला जायचं नाही हे कळलं तेव्हा तू झोपली होतीस आणि झोपेत माझ्या पदराचं टोक धरून होतीस. तुझी बॅग मी कालच रिकामी करून माळ्यावर टाकलीय. हवी असेल तर वर चढून काढावी लागेल, आणि डॉक्टरांनी तुला अजून स्टुलावर चढायला बंदी केलीय.

आता दार उघड. पानं मांडलीत.

वहिनी